हात लावून पाहिले

जानेवारी, मोपाचं पठार, पहाटे साडेपाच.
कुंपणापलीकडे काजूंवरून दव गळतंय.
बाहेर एकवीस अंश. मी अर्ध्या बाह्यांत.

मघाशी उतरलेलं चार्टर उभं आहे,
सात तास उणे पन्नासात उडून आलेलं.
इथलं महाग म्हणून परतीचंही बरंचसं इंधन
पंखांत भरून आणलंय,
आणि ते इंधन अजून त्याच उंचीवर आहे.

कायतान बाब शिडी लावतो.
"वर जा. डोळ्यांनी नको, हातानं बघ."

कायतान बाबने सोळा हिवाळे काढलेत विनिपेगला,
उंच पाळण्यात उभं राहून विमानांना न्हाऊ घालत.
आधी केशरी, गरम, वाफाळतं,
मग हिरवं, दाट, चिकट,
आणि मग घड्याळ:
"इतकीच मिनिटं रे. त्यात उडालं तर उडालं,
नाहीतर परत रांगेत, परत केशरीपासून.
कंटाळला की माणूस म्हणतो, चालेल.
पंखावर 'चालेल' चालत नाही."

कँटीनमध्ये पातळभाजी-पाव खाताना आम्ही हसायचो,
हिमवादळ, कायतान बाब? इथे?
बांगड्यावर घालायला तरी मिळू दे!

वर गेलो. दिव्याखाली पंख ओला चमकत होता.
दव बोटांखालून सरकतं.
हे सरकलं नाही.

माझा बाप, शाणू चोडणकर,
मालीमच्या जेटीवर बर्फाच्या कारखान्यात एकतीस वर्षं.
लादी उजेडात धरून दाखवायचा:
दुधाळ तो हलका, म्हापशाला पोचेपर्यंत पाणी.
आरपार दिसेल तो खरा.
मागे पेपर धर, मथळा वाचता आला पाहिजे.

त्या पंखावर मला सगळं वाचता येत होतं:
'इथे पाय ठेवू नये',
रिव्हेटांची ओळ,
आणि त्यावर माझ्या बापाचा सगळ्यात चांगला बर्फ,
पोस्टकार्डाएवढा जाड,
ज्याच्यावरून हवा पंखाला धरून राहणार नाही.

खाली बस भरलेली. भाजलेले खांदे,
गवती टोप्या, काजूची पाकिटं.
वायरलेसवर कुणीतरी: "दव असेल रे. गोवा आहे हे."
माझीही जीभ 'चालेल'च्या 'चा'पर्यंत आली होती.
परत तळवा टेकवला, दहा मोजले.
सातालाच हाड दुखलं.

"बर्फ आहे," म्हणालो,
आणि माझा मलाच खुळा वाटलो.

कायतान बाब वर आला. हात ठेवला.
बोलला काहीच नाही, खाली जाऊन फोन लावला.

फवारणीची गाडी आमच्याकडे नाही. कशाला असेल?
आमच्याकडे पूर्व आहे.
ट्रॅक्टरनं विमान थोडं फिरवलं आणि थांबलो.
बस परत गेली. शिव्या कळल्या नाहीत, सूर कळला.
एक म्हातारे तेवढे काचेला नाक लावून
पंखाकडे बघत होते, मग माझ्याकडे.
त्यांनी मान हलवली. त्यांच्या गावात हे शाळेत शिकवत असतील.

दोडामार्गच्या डोंगरांवरून ऊन आलं सातनंतर.
आधी कडा भिजली.
मग मधला एक तुकडा सुटला,
नखाएवढ्या काचा घसरत आल्या,
काँक्रीटवर पडल्या त्या पाणी होऊनच.
तीनदा चढलो. तिसऱ्यांदा हात सरकला.

नोंदवहीत माझ्या अक्षरात:
दोन्ही पंख हात लावून पाहिले. स्वच्छ. ७.५२.
उशिराच्या कारणांत बर्फ छापलेला नव्हता.
'इतर'वर खूण केली.

संध्याकाळी बापाला सांगितलं.
कपबशी तो दोन्ही हातांनी धरतो,
बोटांना गरम कळत नाही आता.
"मोपाक बर्फ? पियेला मरे तूं?"
मग जरा वेळानं, "आरपार होता?"
आरपार.
"मग बरा होता," म्हणाला,
आणि टीव्हीचा आवाज वाढवला.