चारशे बारा पावलं

आमच्या शाळेत बूट दाराशी काढायचे,
आत सगळे मोज्यांवर.
केमीत हिवाळा सहा महिने, लाद्यांवर चिखल नको.
माझा खण सत्ताविसावा :
बारा-बाराच्या ओळी, तिसरीत तिसरा.
हे कुणी विचारलं नव्हतं, तरी मी सांगायचे.
तिथूनच सुरू झालं असावं.

एक्क्याण्णव साल, चौदा फेब्रुवारी, गुरुवार,
म्हणजे वाटाण्याचं सूप. बाहेर उणे एकोणीस.
त्या तारखेला आमच्याकडे मित्रांचा दिवस असतो.
मलाही कार्ड आलं. आत लिहिलं होतं, खण बघ.
बघितला. रिकामा.

यार्को हसला, मार्युत हसली, मग भिंतभर हसणं.
मीही हसले,
सगळे हसतात तेव्हा हसायचं हे पाठ केलं होतं.
जरा उशिरा हसले. त्यांना तेही पुरलं.

बाई म्हणाल्या, गंमत केली गं, मनावर घेऊ नकोस.
मग कशावर घ्यायचं?
हातात दप्तर होतं, पाठीवर त्यांचे डोळे,
पायांत करडे मोजे, आईने विणलेले.
घर चारशे बारा पावलं.
तीनशेनंतर पाय माझे नव्हते.
मोजणं तेवढं माझं होतं.

काल यार्को वाचनालयात आला, मुलीचं कार्ड काढायला.
त्याने माझा चेहरा ओळखला, मी त्याचा आवाज.
"लहान होतो गं आपण. विसरली असशील."
नाही, म्हटलं.
तुझा स्वेटर हिरवा होता, कोपराशी उसवलेला,
हनुवटीला मोहरी लागली होती.
राग नव्हता त्यात. यादी होती.

त्याची मुलगी पुस्तकांचा स्टँड फिरवत होती,
फिरवत होती, फिरवत होती.
"हीसुद्धा..." म्हणाला, आणि थांबला.
"शाळेत तिच्याशी कुणी..." पुन्हा थांबला.
लोक अर्धी वाक्यं हातात देतात,
मला ती पुरी करता येत नाहीत.
मी उठले, त्या कोपऱ्यातला गुणगुणणारा दिवा बंद केला.
मुलीने वर बघितलं. माझ्याकडे नाही, दिव्याकडे.

स्वयंपाकघरातल्या हिल्काने असंच काहीसं केलं होतं.
त्या गुरुवारनंतर माझा पाव वेगळ्या बशीत,
सुपाला न लागता.
का, ते तिने कधी विचारलं नाही.

सही करताना यार्कोचं पेन अडलं.
"सायकलींच्या शेडवर," म्हणाला. "छपरावर टाकले होते."
यादीत तेवढी एक जागा कोरी होती.
भरली.

"अठ्ठेचाळीस कप्पे," मुलगी म्हणाली, कुणालाच नाही.
"सत्तेचाळीस. एक तुटलाय."
तिने पहिल्यापासून मोजले.
मी थांबले.
"बरोबर," म्हणाली.