दोन बोटं रुंद जमीन

रात्रभर तळातून पाणी चढवावं लागतं, थेंबाथेंबानं,
नाहीतर वाळूत हवेचे बुडबुडे अडकतात
आणि सकाळी एमेशेबाई माझ्यावर डाफरतात.
म्हणून मी जागतो टाकीशेजारी:
दोन काचा, मध्ये दोन बोटांची फट,
खाली खडी, मग राखाडी चिकणमातीचा पट्टा,
त्यावर आमच्या सपाट हंगेरीची बारीक पिवळी वाळू
आणि उजवीकडे, अंगठ्यानं दाबून केलेला खळगा.
ते तळं.

गावच्या सभागृहात नऊ माणसं आली,
त्यातला एक नुसता हीटरसाठी.
एमेशेबाईंनी सुईनं निळा रंग सोडला डाव्या काठाशी.
"आता थांबायचं."
माणसं थांबली. सूर्यफुलाच्या बिया सोलत राहिली.
कुणीतरी विचारलं, बंद पडलंय का?

नव्हतं.
निळं शेपूट लांबत होतं,
दाण्याला वळसा, पुढच्या दाण्याला वळसा,
थंडीत बरणीतला मध कलतो तसं,
तळ्याकडे.

मग पंप. म्हणजे बारक्या नळीला लावलेली सिरिंज.
"कोण ओढणार?"
येनो ग्यार्फाश उठले, जर्दाळूच्या बागेचे,
ज्यांनी गावात पहिली खोल बोअर मारली.
त्यांनी ओढलं.

शेपूट थबकलं.
वळलं.
तळ्याकडे पाठ करून नळीच्या तोंडाशी निघालं,
आणि खळगा कोरडा पडला.
सिरिंज अर्धीही भरली नव्हती.

"मी त्यात पोहायला शिकलो," येनो म्हणाले.
कशात, ते कुणी विचारलं नाही.
बसथांब्यामागे, त्या जागी, आता मेंढ्या चरतात.

मग त्यांनी दट्ट्या दाबला.
ओढलेलं सगळं नळीतून परत सोडलं, सावकाश,
तान्ह्याला औषध पाजावं तसं.
एमेशेबाईंनी अडवलं नाही,
त्यांच्याकडे याची समीकरणं आहेत, त्या गप्प राहिल्या.
खळग्यात ओल आली. खरंच आली.
पण रंग आल्या वाटेनं गेला नाही:
नळीभोवती पसरला, फिका,
धड शेपूट नाही, धड डाग नाही.

टाकी गाडीत चढवायला येनोंनी हात लावला.
"केवढी जड!"
"ओली आहे. रिकामी करून चालत नाही,
मग पुन्हा भरायला अख्खी रात्र."
"एकच?" ते म्हणाले,
आणि अंगठा विजारीला पुसत राहिले.
निळा निघत नव्हता.