कुंद्याचा बॉक्स

आधी वाटलं, शाळेचं निमित्त.
मग जंत. मग नजर.
मिरच्या जाळल्या तरी ठसका आला नाही,
मामंजी म्हणाले, बघ, होती का नाही?
साईराज तसाच,
बेंबीच्या वर मूठ दाबून
पहाटे तीनला उठून बसायचा.

वडगावात पहाटे तीनलाही माग थांबत नाहीत.
आमच्या गल्लीतली पाळण्यातली पोरं
लाईट गेली की, खटखट थांबली की जागी होतात.
तो म्हणायचा, आई, आत पण एक माग हाय.
रिकामाच चालालाय.

भिंतीपलीकडनं कस्तुरक्का,
होट्टी नोवा? इन्नू होगिल्लेनु?
आणि भाजलेल्या ओव्याची वाटी.
ओवा झाला, हिंग झाला,
मेडिकलवाल्याची गुलाबी बाटली झाली.
चौथीतलं पोर, काटा अठरा किलोवरनं हलेना.

शेवटी सिव्हिल.
हिरेमठ बाईंनी त्याचं पोट चाचपलं
आणि बघितलं माझ्याकडं.
घरात आणखी कुणाचं दुखतं?
कुणाचं नाही, म्हटलं.
मग ह्यांची जळजळ आठवली,
चुन्याच्या डबीशेजारची पांढरी गोळी,
मामंजींचे ढेकर,
आणि माझी सकाळची मळमळ,
जी मी दुखण्यात धरतच नव्हते.

बाईंनी केसपेपरच्या मागं जंतू काढला.
पिळलेला, शेपटीला चार केस.
हा जठरात बिऱ्हाड करतो, म्हणाल्या,
आणि बहुतेक येतो तो घरातनंच.
एका पेल्यातनं, एका चमच्यातनं.
बाळाला घास चावून कोण देतं?

मी पदर सारखा केला.

भाकरीचा मऊ पापुद्रा,
तिखट माझ्या जिभेवर ठेवून
उरलेलं त्याच्या तोंडात.
माझ्या आईनं मला दिला तसा,
तिला तिच्या आईनं.
कुठल्या चुलीपासनं निघाला असेल हा?
बाई म्हणाल्या, तुमची चूक नव्हे हो, लई घरांत असतंय.
खरं मी बस स्टँडपर्यंत
तोंड मिटूनच चालले.

सगळ्यांचे नमुने आणा, म्हणाले.
आता त्या डब्या हातात घेऊन
भरल्या बसमध्ये चढायचं कसं?
कपाटावर कुंद्याचा रिकामा बॉक्स होता,
नणंदेच्या साखरपुड्यातला.
त्यात बरोबर बसल्या.
खासबागला एक बाई शेजारी टेकली,
बॉक्स बघून हसली,
कुणाचं ठरलं?
म्हटलं, अजून काय ठरलं नाही.
परवा कळतंय.

धाकटी सोडून सगळ्यांत निघाला.
चौदा दिवस, दोन वेळा.
कांड्यांच्या खोक्यात गोळ्यांचे कप्पे केले.
पाच पेले, पाच रंगांचे धागे बांधलेले,
साईराजचा हिरवा, काठाला राहिलेल्या रेशमाचा.
तोंडात दिवसभर लोखंडाची चव,
चहा पण गंजलेला लागायचा.

आठव्या दिवशी हे म्हणाले,
बरं वाटालंय की आता, बास.
साईराज पाणी घेऊन उभा,
पप्पा, निम्मी विणलेली साडी
घेतंय काय कोण?
ह्यांनी गोळी गिळली.

धाकटीपुढं वरणात भाकरी कुस्करली
आणि हात सवयीनं माझ्याच तोंडाकडं आला.
थांबले.
बोटांनीच मऊ केलं, दिलं.
तिनं थुंकलं.
माझ्या तोंडाकडं बघत राहिली,
तिचा घास अजून तिथनंच यायचा होता.

परवा पहाटे तीनला मीच जागी झाले.
बाहेर माग चालू.
साईराजच्या पोटावर कान टेकवून
किती वेळ तशीच.
झोपेतच तो म्हणाला,
आई, सरक की.
जड व्हालीस.