पहिली वीस मिनिटं

ऑर्व्हल टाइकर्टनं काउंटरवर ठेवला
वर्तमानपत्रात गुंडाळलेला लामारचा कॅमशाफ्ट.
सोळा लोब. त्यातले तीन झिजून
नदीतल्या गोट्यांसारखे गुळगुळीत.
टोकावरचा नंबर कुणीतरी कानशीनं पुसलेला.
लामारच असणार, म्हणाला.
असलं काही तो भावालासुद्धा कळू द्यायचा नाही.

"अगदी असाच हवा."

आता असाच म्हणजे कसा?
माझ्याकडचा कॅटलॉग
ब्लॅकफूट गावच्या फोनबुकाहून जाड आहे.
मी नेहमीचे प्रश्न विचारले.
गाडी? एकोणसत्तरचा पिकअप, साडेतीनशेचं इंजिन.
गिअर? ऑटोमॅटिक.
ओढणार काय? बटाटे होते. आता काहीच नाही.
पळवणार किती?
"चर्चपर्यंत. आणि परत."

हौसेला मोल नसतं म्हणतात; कॅमला असतं.
व्हॉल्व्ह जितका जास्त वेळ उघडा,
तितकी वरची धाव वाढते
आणि तितकाच खालचा जीव जातो.
सहा हजार फेऱ्यांवर वाघ, सिग्नलपाशी शेळी.
पोरं येतात, सगळ्यात मोठा आकडा मागतात,
मी दोन पायऱ्या खालचा गळ्यात घालते.
आभार कुणी मानत नाही.

ऑर्व्हलनं आकडा मागितला नाही.
हातमोजा काढला
आणि दोन बोटांनी काउंटर वाजवायला लागला.
धड-धड, ध... धड.
धड-धड, ध... धड.
पायरी चुकल्यासारखा मधेच अडखळे,
पडता पडता सावरे.
"दोन मैलांवरून यायचा हा आवाज.
आई चौथी प्लेट मांडायची."

मी डोळे मिटून ऐकलं.
हा लंगडा ठेका कुठून येतो, मला ठाऊक आहे.
एक व्हॉल्व्ह मिटायच्या आत दुसरा उघडतो,
जळालेला श्वास बाहेर पडताना
आत शिरणाऱ्या नव्या श्वासाला दारातच धडकतो.
लोबांमध्ये एकशे सहा अंश. फार तर एकशे आठ.
ड्युरेशन दोनशे तीसच्या पुढे.

"तुझ्या ट्रकला हा सोसायचा नाही," मी म्हटलं.
"व्हॅक्यूम पडेल, ब्रेक दगड होईल,
प्रत्येक स्टॉपच्या पाटीपाशी बंद पडेल."

"पडायचाच," तो म्हणाला.
"लामार दोन पायांनी चालवायचा.
डावा ब्रेकवर, उजवा गॅसवर.
त्याचा डावा बूट नेहमी आधी जायचा."

मी एकशे आठवाला मागवला.

नवा कॅम बसवला की एक नियम असतो:
पहिली वीस मिनिटं
इंजिन दोन हजाराखाली येऊ द्यायचं नाही.
लोब आणि टॅपेट घासून घासून एकमेकांना ओळखतात.
तेवढ्यात मंद केलंत, तर दोघंही वाया.
म्हणजे जे ऐकायला तो आला होता
ते सोडून बाकी सगळं.
एकसुरी गर्जना. थरथरणारा पत्रा.
मॅनिफोल्डवरचा नवा रंग जळतोय,
धुरासाठी दारं उघडी, बाहेर बर्फ.
मी घड्याळाकडे बघत, ऑर्व्हल जमिनीकडे.
बाराव्या मिनिटाला त्यानं काहीतरी विचारलं,
मला ऐकू आलं नाही.
सतराव्याला तो उठून बाहेर गेला.
रस्ता ओलांडला,
बटाट्याच्या कोठाराच्या भिंतीपर्यंत गेला,
मग आणखी मागे, कुंपणापाशी,
गुडघाभर बर्फात.

विसाव्याला मी स्क्रू सोडला.
फेऱ्या उतरल्या. दीड हजार, हजार, नऊशे,
आणि इंजिन पहिल्यांदा अडखळलं.

तो हललाच नाही.
मग लांबून हात वर केला, तळवा खाली,
हवा दाबत गेला: अजून कमी.
मी पाव वळसा दिला.
अजून.
"बंद पडेल!" मी ओरडले.
त्याचा हात खाली येतच होता.