नऊ नंबर

लिफ्टशेजारी नोटीस लागली,
खाली खांबेटे सेक्रेटरींची तिरकी सही:
पॅसेजमध्ये चपला, बूट, स्टँड ठेवू नयेत.
आग लागली तर पळायला वाट हवी.
पंधरा तारखेनंतर दिसेल ते उचललं जाईल.

कुंदाने टेप लावून पाहिली.
दारामागे अकरा इंच,
त्यातही वर मीटरची पेटी.
मुनीलाल सुतार म्हणाला, तिरपे कप्पे करू,
चपला भिंतीला टेकून उभ्या राहतील,
आणि दार लावलं की कपाट वाटेल,
चपलांचं वाटणार नाही.

खालच्या कप्प्यात पावसाळी, रबरी, कधीच न वाळणाऱ्या.
त्यावर माझ्या ऑफिसच्या,
दोन काळ्या, एक तपकिरी, अंगठा शिवलेला.
त्यावर कुंदाच्या मऊ तळव्याच्या,
डॉक्टरांनी लिहून दिलेल्या, औषधाइतक्या महाग.
आणि लग्नकार्याच्या मोजड्या, वर्तमानपत्रात गुंडाळून,
डांबरगोळीसकट.
हल्ली बोलावतं कोण, तरी.

वरचा कप्पा रिकामा राहिला.
त्याबद्दल आम्ही दोघी बोललो नाही.

बाहेर पायपुसण्यापाशी ते बूट होते.
पुरुषाचे, काळे, नाडीचे, नऊ नंबर.

आई गेली त्या महिन्यात
रात्री अकराला बेल वाजली होती
आणि दारापलीकडून कुणी बोललं नव्हतं.
त्याच आठवड्यात दोन टाकीला, पहाटेच्या बाजारात,
कंदिलाएवढ्या उजेडात घेतले.
विकणाऱ्याने विचारलं, साहेबांचं माप?
कुंदा म्हणाली, मोठं.

अकरा वर्षं झाली.
रोज थोडे हलवायचे,
एका जागी राहिले की धूळ चुगली करते.
कधी जोडून, कधी एक कलंडलेला,
कुणी थकून येऊन काढल्यासारखा.
रविवारी पॉलिश.
गॅसवाल्याला सांगायचं, आंघोळीला गेलेत.
कुरियरवाल्याला, झोपलेत.
मतदार यादीवाली बाई आली होती एकदा,
तिने बुटांकडे पाहिलं, मग आमच्याकडे,
आणि न विचारता लिहिलं: दोन.
जाताना म्हणाली, चांगले आहेत, कुठून घेतले?

चौदा तारखेच्या रात्री त्यांना आत आणलं.
उंबऱ्याच्या आत, पहिल्यांदा.
ट्यूबलाइटखाली उलटे करून पाहिले:
डाव्याची टाच बाहेरून झिजलेली,
आत पाच बोटांचे पाच खळगे,
करंगळीचा सगळ्यात खोल.
पाय ओढत असणार, कुंदा म्हणाली.
मग थोड्या वेळाने,
इतकी वर्षं दारात उभं केलं,
साधं पाणी विचारलं नाही.

वरच्या कप्प्यात ते मावेनात.
आडवे केले, उभे केले, एकात एक घातले,
कपाटाचं दार दोन बोटं उघडंच.
मुनीलालने माप घेतलं होतं
घरात दिसलेल्या पायांचं.

वॉचमनला देऊ म्हटलं, तर त्याचा नंबर सात.
भंगारवाल्याचं नाव कुंदाने काढू दिलं नाही.

सकाळी दार उघडलं.
पॅसेज इस्पितळासारखा लख्ख,
चारशे एक ते चारशे सहा, सगळी दारं सारखी.
पाटकरांकडे सात माणसं,
समोर घटस्फोट झालेला मुलगा एकटा,
आणि आम्ही.
आता कुणाच्याच दारावरून काही कळत नाही.
मी बराच वेळ तिथे उभी होते, अनवाणी.

सध्या ते ओट्याखाली आहेत,
सिलिंडरशेजारी, जुन्या पेपरवर.
परवा रात्री पाणी प्यायला उठले
तर कुंदा गुडघ्यांवर, अंधारात,
एक बूट जरासा सरकवत होती.

दिवा नको लावू, म्हणाली.