दाराजवळची जागा

कानडीच्या बाईंनी दोन वर्षं गिरवून घेतलं,
अक्षरं डोक्यात बसली नाहीत.
बसली ती खानापूरच्या स्टँडवर, एका मिनिटात.
पोटात पिळा, मानेला गार घाम,
समोर दोन दारं, दोन्हींवर नुसती वेटोळी,
आणि विचारायची लाज.
तेव्हापासून 'महिळेयरु' मी झोपेतही वाचते.

अप्पा उद्यमबागेत, फाउंड्रीत साचे भरायचे.
त्यांना वाटलं, उष्णता.
काकी म्हणाली, पोरीची संकेश्वरी मिरची बंद करा.
एका डॉक्टरनं टीबी ठरवला.
नऊ महिने गोळ्या, नारिंगी लघवी,
माझं ताट वेगळं, तांब्या वेगळा.
नऊ महिन्यांनी कळलं, टीबी नव्हताच.
ताट तरी वेगळंच राहिलं बरेच दिवस.
परत एकात एक कुणी ठेवायचं, ते ठरेना.

मग दुर्बिणीची तपासणी.
आदल्या रात्री ते खारट पाणी, तांब्यावर तांब्या,
आणि संडासच्या दाराबाहेर आई
तांदूळ निवडत बसलेली, खडा नसलेला तांदूळ.

डॉक्टर धारवाडकडचे.
"रक्त होगतदेनु?"
आईनं माझ्याकडं बघितलं, मी भिंतीकडं.
घरात या गोष्टीला शब्दच नव्हता,
आम्ही 'तिकडं' म्हणायचो.
मी म्हटलं, हौदु.
मराठीत मला ते जमलं नसतं.

क्रोन्स, असं नाव निघालं.
मावशीला कोरोना ऐकू आलं,
ती दोन पावलं मागं सरकली.
स्टेरॉइडनं तोंड सुजलं, गाल डोळ्यांवर आले,
तर वडगावच्या लग्नात बायका खूश:
"बाळसं धरलीस गे! आता कशी बरी दिसतीस!"
हातात कुंद्याची वाटी धरून मी हसले.
कुंदा भावाला दिला.

एक मुचंडी सर होते. गणिताचे.
सहामाहीला मी दोनदा उठून गेले.
दुसऱ्या दिवशी माझा बाक दाराला लागून होता.
ते काही बोलले नाहीत, मीही नाही.
अजून कुठल्याही खोलीत शिरले
की मी आधी दार बघते, मग माणसं.

आता दर आठ आठवड्यांनी सलाइन.
शेजारच्या खाटेवर मल्लू, बैलहोंगलचा, बारा वर्षांचा,
मनगटं काडीसारखी, नजर छताकडं.
दोन तास गप्प. मग एकदम,
"साल्याग हेंग माडिदि, अक्का?"
शाळेत कसं केलंस.

माझी कानडी मोडकी, पण या विषयात पक्की.
सांगितलं: दप्तरात जादा चड्डी, डब्याच्या पिशवीत, कुणी बघत नाही.
एकाच मित्राला खरं सांग. एकालाच.
सहलीला नाही गेलास तरी चालतं,
(हे खोटं होतं. मला अजून लागतं ते.)
रडू आलं तर नळ सोडून ठेव.

तो ऐकत राहिला, नळीतले थेंब मोजत.
मग म्हणाला, संपगावच्या अलीकडं एक पेट्रोल पंप आहे.
तिथला म्हातारा काही विचारत नाही,
किल्ली सरळ हातात देतो.

हे मला माहीत नव्हतं.
सुई नसलेल्या हातानं पेन शोधलं,
आणि त्यालाच म्हटलं, लिही,
माझ्या तळव्यावर लिही.
त्यानं कानडीत लिहिलं.