मधलं पान

नोव्हेंबर सरता सरता वेंदेलीन
पामला गोणपाट गुंडाळतो.
आत नाताळची जुनी दिव्यांची माळ.
नवे दिवे नकोत, ते तापतच नाहीत.
कुंपणापलीकडून आग्नेशा विचारते,
"निजला का पाहुणा?"

जानेवारीत डॅन्यूब कडेकडेने गोठते.
उणे एकोणीस.
रात्री दोनदा उठून तो खिडकीची काच पुसतो:
बर्फात एक पिवळट उजेड,
आत कुणी वाचत बसल्यासारखा.

मार्चमध्ये सुतळी सोडतो.
मधलं, न उलगडलेलं पान
दोन बोटांत धरून ओढून बघायचं असतं;
कुजलं असेल तर
अलगद हातात येतं.

हात पुढे करतो.
मग कोटाच्या खिशात घालतो.

"बघितलंस?" आग्नेशा विचारते.

"हात गार आहेत," तो म्हणतो,
"उगाच दचकायचं."